जिच्या हाती काडी

डोमा किरिस्ताव झाला ही बातमी कुंताला कळली तेव्हा ती पोटरीभर चिखलात वाकून धानाचे परे रोवत होती. बातमी आणली होती नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत फिरणाऱ्या ताराबाई सुइणीनं. ताराबाई थापा मारायची, नाही असं नाही. पण आपली थाप आपणच आधी हसून मोडायची. आज ती हसत नव्हती.

"खोटं सांगत असन तं जीभ झडो माही," बांधावर उकिडवी बसत ती म्हणाली. "ऐतवारी वैनगंगेत बुडवला त्याले पाद्र्यानं. मी या डोळ्यानं पाह्यलं. बुडवला अन् वरतं काढला."

"बुडवला होता तं वरतं काऊन काढला?" रांगेतल्या एकीनं विचारलं आणि बांधीतल्या सगळ्या बाया खिदळल्या.

कुंता हसली नाही. ती सरळ उभी राहिली आणि सवयीनं तिची नजर पळसाकडे गेली. पळसाच्या फांदीला झोळी बांधलेली होती आणि झोळीत पाच महिन्यांचं लेकरू. दहा परे रोवले की एकदा झोळीकडे पाहायचं, असा तिचा नेम होता. झोळी हलली तरी जीव धसकायचा, आणि फार वेळ हलली नाही तर त्याहून जास्त.

डोमा तिचा नवरा. नदीपलीकडच्या चिखलघाटचा डोंगेवाला, लोकांना होडीतून पार नेणारा. चिखलघाटला भीती दोनच गोष्टींची, असं लोक म्हणत: भादव्यातल्या पुराची आणि डोमाच्या हाताची. पूर निदान वर्षातून एकदा यायचा. डोमाचा हात मोहाच्या दारूबरोबर कधीही यायचा. कुंता बाळंतपणाला म्हणून माहेरी आली ती ओठ फाटलेली, सातव्या महिन्यात. नंतर गेलीच नाही.

मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. गावोगाव नवे कागद, नवे साहेब येत होते. तसाच चिखलघाटच्या बाजूला एक पाद्रीही येऊ लागला होता. बिरजू मास्तर त्याचं नाव. काड्यापेटीतल्या काडीसारखा माणूस, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. आरमोरीच्या बाजाराच्या दिवशी तो पत्र्याच्या पेटीतून रंगीत चित्रं काढून गोष्टी सांगायचा. आषाढाच्या तोंडावर त्याच मास्तरला डोमानं डोंग्यात घेतलं आणि मधधारेत त्याची पेटी उचलून पाण्यात फेकली. कोणीतरी त्यासाठी बाटली कबूल केली होती. पेटी गेली, पण फेकण्याच्या जोरात डोंगाही उलटला. डोमाचं डोकं काठावर आपटलं, पाय दोरात गुंतला. बिरजू मास्तरला पोहता येत नव्हतं. त्यानं एका हातानं उलटा डोंगा धरला, दुसऱ्या हातानं डोमाचे केस धरले, आणि नदीनं दोघांना अर्धा कोस खाली रेतीवर नेऊन टाकेपर्यंत दोन्हींतलं काहीच सोडलं नाही.

एवढं कुंताला माहीत होतं. डोंगा उलटला हे ऐकल्यावर, वाचला हे ऐकण्याआधी, मध्ये एक क्षण गेला होता. त्या क्षणात आपल्या मनात काय आलं हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

"तुया नवऱ्याले बी केस धरून ओढलं वो कोनीतरी," ताराबाई म्हणाली. "आता समजलं असन त्याले, डोक्शाले कसं झोंबते थे. छातीत पानी भरलं होतं. अठरा दिवस मिशनच्या दवाखान्यात पडून होता. तिथूनच हे वारं लागलं. आता दारू नाई, शिवी नाई. सक्काळी उठून येसू-येसू करून राह्यला."

"पाच एकर देल्ले म्हने पाद्र्यानं," दुसरी म्हणाली.

"पाद्र्याच्या धोतराले तीन ठिगळं हायत. थो कुठून देते पाच एकर?"

"मंग भानामती असन."

"भानामतीनं दारू सुटत असन," ताराबाई उठत म्हणाली, "तं माह्याही घरच्यावर करा म्हना."

घरी आल्यावर रुखमाबाईनं, कुंताच्या आईनं, बातमी ऐकून आधी गावदेवी मातामायच्या दिशेनं हात जोडले. "देव पावला, पोरी. आता तुले काडीमोड भेटते."

काडीमोड कुंतानं दोनदा मागितली होती. पहिल्यांदा डोमानं तिला वल्ह्यानं मारलं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा गेल्या संक्रांतीला, पोट घेऊन. दोन्ही वेळा जातीच्या पंचांनी ऐकून घेतलं. मुख्य पंच केवळराम यांच्या मांडीवर सुपारीचं पानपुडं असायचं आणि हातात अडकित्ता. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. "नवरा हाय, बाई. कोनाचा नाई मारत? सांभाळून घे," ते म्हणाले होते, आणि अडकित्त्यात सुपारी कट्कन फुटली होती.

आता त्याच केवळरामभाऊंचा निरोप तिसऱ्या दिवशी आला. पोळ्याच्या आधीच्या सोमवारी बैठक आहे. डोमा जातीबाहेर जाऊन राहिला आहे. कुंताबाईनं यावं, पंच तिच्या हाती काडी देतील.

"पाह्य, न मागता!" रुखमाबाई म्हणाली. तिनं दुसरं घरही हेरून ठेवलं होतं: एक बिजवर, सावलीकडचा, स्वतःची बोडी, म्हणजे शेततळं, असलेला.

कुंता लेकराची टाळू चाचपत बसली. जी गोष्ट दोन वेळा रडून मिळाली नाही, ती आता पायानं चालत घरी आली होती. फुकट आलेल्या मासोळीकडे पाहावं तसं ती त्या निरोपाकडे पाहत राहिली. गळ कुठं आहे ते दिसत नव्हतं.

दोन दिवसांनी डोमा आला.

दुपारची वेळ. झिमझिम लागलेली. तो अंगणात आला आणि पागोळ्यांच्या बाहेरच, पाण्यात उभा राहिला. छपराखाली ये म्हणायला कोणी नव्हतं आणि तो आपणहून आला नाही. कुंतानं दाराआडून पाहिलं. बांधा तोच, पण मांस उतरलेलं. डोकं भादरलेलं, कानाच्या वर जखमेचा व्रण. ती त्याच्या चेहऱ्याकडे फार पाहत नव्हती. चेहऱ्यानं तिला पूर्वी पुष्कळदा फसवलं होतं. ती हातांकडे पाहत होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती हे शिकली होती, की माणूस घरात येऊन जाळं कसं ठेवतो त्यावर ती संध्याकाळ ठरते. आज ठेवायला काहीच नव्हतं. हात नुसते लोंबत होते.

"मी न्याले नाई आलो," तो म्हणाला. "सोमवारी तू काडी मोडशीन तं मोड. मी आडवा येनार नाई. मी फक्त हे सांगाले आलो, का मी केलं थे मी केलं. दारूनं नाई केलं, मी केलं. थे मी पंचासमोर बी सांगीन."

आतून लेकरू रडलं. डोमाची मान तिकडे वळली. त्यानं आपलं लेकरू अजून पाहिलंही नव्हतं. पण तो जागचा हलला नाही.

कुंता काही बोलणार तेवढ्यात तिचा भाऊ मुखरू मागच्या दारानं आला. दुपारीच पिऊन आलेला. त्यानं डोमाला पाहिलं, आणि मनात कित्येक महिने साठवलेली थप्पड काडकन त्याच्या कानशिलात लावली. "आता म्हन येसू!"

डोमाचा उजवा हात उठला. कुंताचे डोळे आपोआप मिटले. अंगाला ठाऊक होतं ते. उघडले तेव्हा हात खांद्याएवढा वर होता, मूठ वळलेली, आणि तो थरथरत होता; पुरात डोंगा बांधलेला खुंट थरथरतो तसा. मग डोमानं तो हात दुसऱ्या हातानं मनगटात धरला आणि पाठीमागे नेला. तिथं त्यानं तो धरूनच ठेवला.

"मुखरूभाऊ," तो म्हणाला, "आनखी एक मारशीन तं मार. पन मंग घरात जाजो. माह्याच्यानं जास्त वेळ धरवत नाई."

मुखरूनं दुसरी मारली नाही. डोमा लंगडत निघून गेला.

"सोंग हाय," रुखमाबाई म्हणाली. "दारुडा मानूस. पंचाले भेते."

 कुंता विचार करत होती. तो शांत उभा राहिला असता, साधूसारखा हसला असता, तर तिला सोंग वाटलं असतं. सोंगाड्याचा हात थरथरत नाही. राग गेला नव्हता. सगळाच्या सगळा तिथंच होता. पण कोणीतरी तो धरायला लागलं होतं.

तरी, धरून धरून किती दिवस? लेकरू पाच महिन्यांचं. एवढ्याशा अंगाला एक धक्काही पुरतो.

रविवारी लेकराच्या छातीत घुरघुर वाजू लागली. मिशनमध्ये जाऊन डोमाबद्दल विचारायला निमित्त मिळालं. बैठकीसाठी तिला नदी ओलांडायचीच होती. ती एक दिवस आधी ताराबाईबरोबर निघाली आणि मिशनच्या दवाखान्यात गेली. तिथं बिरजू मास्तरची बायको होती, आशाबाई. तीच औषध द्यायची, तीच झाडू मारायची. तिनं लेकराच्या छातीला कान लावला, पाठीवर बोटं वाजवली आणि म्हणाली, "सर्दी हाय. भेवासारखं काई नाई. तेल कोमट करून लाव. अन् तू? तुले काय झालं?"

"मले काई नाई झालं."

"नाई झालं तं दाराकडं काऊन पाहून राह्यली?"

कुंता कोणाची बायको आहे हे आशाबाईला ताराबाईनं खुणेनं सांगितलं.  आशाबाई औषधाची बाटली फडक्यानं पुसत म्हणाली, "माह्या घरच्याले विचारशीन तं थे म्हनतीन, देवानं एका दिवसात मानूस बदलवला. मी म्हटलं, देवाले घाई असन, मले नाई. मी सहा दिवस दाराले आतून पाटा टेकवून झोपली. इथं प्रार्थनेले आमचे लोक येतात ना, त्याईतलं कोनी त्याच्या बाजूले बसे नाई. ज्याच्या त्याच्या पाठीत त्याचे कधीचे ना कधीचे गुद्दे."

"मंग तुम्हाले कवा पटलं?"

"पूर्न तं अजून बी नाई." आशाबाई हसली. "सातव्या दिवशी त्याचा एक दोस्त आला अन् उशीखाली बाटली ठेवून गेला. मी मोरीत होती. याच्या हाका आल्या मोठ्यानं, बाई या, बाई या. मले वाटलं मेला. तं म्हनते, हे उचलून न्या, माह्यानं उचलवत नाई, अन् ठेवून बी राहवत नाई. त्या रोजपासून पाटा काढला. पन कडी लावते."

"मी काय करू?"

"थे मी नाई सांगत. पाहून घे. पाहनं पाप नाई, पोरी. आमच्यात बी नाई, तुमच्यात बी नाई."

डोळे मिटून विश्वास ठेव असं तिनं सांगितलं असतं, तर कुंता तिथूनच परत फिरली असती.

सोमवारी मातामायच्या चौथऱ्यापुढं, चिंचेखाली, चिखलघाटची सगळी ढिवर, म्हणजे मासेमार जातीची, मंडळी जमली. पाऊस उघडला होता. पंच घोंगडीवर, पुरुष दोन्ही अंगांना, बाया मागं उभ्या. कुंताची सासू देवकाबाई चिंचेच्या मुळीला बकरं बांधून बसली होती. पाद्र्यानं पोराला नदीत बुडवून काढलं त्या दिवसापासून तिनं चूल पेटवली नव्हती, मयताच्या घरासारखी. आज तिनं दंडाचं बकरं आणलं होतं. डोमानं चूक कबूल करावी, बकरं द्यावं, जातीनं जेवावं, पोरगा परत मिळावा, एवढाच तिचा हिशोब.

केवळरामांनी विचारलं, "डोमा, बकरं तुया मायनं आनलं. देतोस दंड? येतोस जातीत?"

"जातीतून मी गेलोच कवा, भाऊ?" डोमा म्हणाला. "डोंगा चालवतो, मासोळ्या धरतो. पन दंड देऊन येसूले सोडतो म्हनसान, तं नाई."

देवकाबाईनं पदरात तोंड घातलं. केवळरामांनी सुपारी फोडली. त्यांना हेच हवं होतं, हे कुंतानं पाहिलं. त्यांच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं झालं. डोमानं दारू सोडल्यापासून घाटावर त्यांची कामं अडली होती. कोणाला दम द्यायचा, कोणाचं जाळं फाडायचं, तर पूर्वी एक बाटली पुरे व्हायची.

"मंग आइका," ते म्हणाले, आणि त्यांनी तणसाची एक लांब, वाळकी, पिवळी काडी उचलून सगळ्यांना दाखवली. रीतीप्रमाणे त्यांनी शब्द म्हटले. ते शब्द सगळ्यांना पाठ होते आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसायचं. "काडी पंचाच्या हाती तोवर शब्द पंचाचा. काडी बाईच्या हाती गेली का शब्द तिचा. मोडली तं सुटली, टाकली तं नांदली. ती मोडेवर नाई तं टाकेवर मधात बोलन त्याले दंड."

आणि काडी त्यांनी कुंताच्या हातात दिली.

आजवर चिखलघाटला जितक्या बायांच्या हाती काडी गेली, तितक्यांनी ती रडत, मान खाली घालून, लगेच मोडली होती. हातात आलेला शब्द वापरायचा असतो हे कोणाला सुचलंच नव्हतं. केवळरामांनाही नाही.

काडी हलकी होती. एका कडेवर लेकरू, त्याची घुरघुर कालच्यापेक्षा कमी.  समोर डोमा, हात मागे धरलेले. डावीकडे रुखमाबाई डोळ्यांनी सांगत होती, मोड, मोड.

"मले बोलायचं हाय," कुंता म्हणाली.

"काय बोलतं? मोड ना..." केवळराम म्हणाले.

"दंड!" मागून ताराबाई ओरडली. "मधात बोलले! दंड!"

हशा पिकला. सगळ्यात म्हातारे पंच सोमाजी, अर्धे बहिरे, यांनी कानामागं हात धरून काय झालं ते विचारून घेतलं आणि मान हलवली. "बराबर हाय. शब्द बाईचा हाय. बोल वो."

"मी गेल्या संक्रांतीले इथीच उभी होती," कुंता म्हणाली.  "याच जागी. ओठ फाटला होता, पोट सात महिन्याचं होतं. केवळरामभाऊ, तुमी सुपारी फोडत होते. तुमी म्हनले, सांभाळून घे. मी काडी मांगली, तुमी नाई देल्ली. तवा हा जातीत होता. मातामायपुढं नारळ फोडे अन् घरी येऊन मले फोडे. तवा कोनाचाच धरम नाई बुडाला. आता यानं हात मांगं धरला, तं धरम बुडाला? मले मारे तवर हा आपला, अन् मारनं सोडलं तं परका? कसा हिशोब हाय हा? मले समजावून सांगा. नाई, आता नका सांगू, दंड होईन."

बाया हसल्या. पुरुषांतही कोणीतरी हसून तोंड झाकलं.

"मले याचा येसू माहीत नाई. मी मातामायले दिवा लावते, लावीन. मले याच्यावर पुरा इस्वास बी नाई. रोज पाहीन. पन तुमच्यावर तं मी दोन वर्सं इस्वास ठेवला ना, भाऊ? त्याचं काय झालं?" ती डोमाकडे वळली. "तुमी बोला. शब्द माहा हाय, मी देते. पंचासमोर सांगतो म्हनले होते ना?"

डोमानं सांगितलं. मान वर करून सांगितलं, आणि काहीच वगळलं नाही: वल्हं, तापलेला चिमटा, ती विहिरीवर गेली म्हणून बाहेरून लावलेली कडी, तिच्या मायनं दिलेली पैंजणं दारूत गेली ती.  ज्या बायांनी त्या त्या रात्री भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं, त्या खाली पाहू लागल्या. शेवटी तो म्हणाला, "मास्तरची पेटी बी मीच बुडवली. एका बाटलीसाठी. बाटली कोनी कबूल केली थे मी सांगत नाई. थ्या मानसानं सोताच सांगावं."

तो कोणाकडेच पाहत नव्हता. पण सगळं गाव हळूहळू, एकेक मान वळवत, केवळरामांकडे पाहू लागलं. अडकित्ता उघडाच राहिला होता.

देवकाबाईनं पदर तोंडावरून काढला होता. ती पोराकडे असं पाहत होती जसं त्याला आज पहिल्यांदा पाहते आहे. "तापलेला चिमटा?" ती हळूच म्हणाली. "डोमा, तू तं म्हनला होता, ती चुलीवर पडली."

"खोटं म्हनलो होतो, माय."

 कुंताच्या हातात अख्खी काडी होती. मोडली तर बिजवराचं घर, बोडी, आईचा जीव थंड. टाकली तर हा माणूस, थरथरणारा हात, आणि रोजची राखण. तिला वाटलं होतं निवड तिच्यापुढं डोंगराएवढी उभी राहील. प्रत्यक्षात ती लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेण्याएवढीच निघाली.

"काडी मी मोडत नाई," ती म्हणाली. "अन् टाकत बी नाई. टाकली तं तुमी उचलसान." ती दोन पावलं चालली आणि काडी देवकाबाईच्या बकऱ्यापुढं धरली. सकाळपासून बांधलेलं, उपाशी बकरं. त्यानं ती टोकापासून धरली आणि कुरूकुरू चावत, मान डोलवत, सगळ्या जातीसमोर खाऊन टाकली.

असा हशा चिखलघाटनं पूर्वी ऐकला नव्हता. ताराबाई तर पोट धरून खालीच बसली.

"दुसरी काडी आना!" केवळरामांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"एका भांडनाले एकच काडी," सोमाजी म्हणाले. "माह्या बापाच्या वक्तापासून हाय थे."

"मंग पानी बंद! डोमाच्या घरचं पानी कोनी पेनार नाई. जो पेईन थो बी बाहेर!"

हशा एकदम विझला. ही थट्टा नव्हती. पाणी बंद म्हणजे विस्तव बंद, मयताला खांदा बंद. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुंतानं लेकराला घट्ट धरलं. इथवर आपण आलो, आणि आता हे.

ताराबाई अंग झाडत उठली. तिचे डोळे हसून पाणावलेले होते. "केवळरामभाऊ, तुमच्या सुनेले कितवा महिना लागला?"

"आठवा. त्याचं इथी काय?"

"काई नाई. मी आता हिच्या घरी पानी प्याले जाऊन राह्यली. म्हंजे मी बाहेर. मंग सुनेचं तुमी पाहून घेसान. गरम पानी, धार लावलेली कातर, अन् नाळ दोन बोटं सोडून कापायची, दीड नाई. अजून कोनाकोनाच्या घरी पोट हाय?" तिनं बायांकडे पाहून बोटं मोजायला सुरुवात केली. "चार. नाई, लच्छूची धरून पाच."

पाच घरांचे पुरुष एकाच वेळी खाकरले. लच्छू, केवळरामांचाच साडू, घोंगडीवर रेलून पुटपुटला, "पान्याचं जरा आयकून घ्या ना, भाऊ. पानी म्हंजे शेवटी पानीच असते."

केवळरामांनी अडकित्ता मिटला. सोमाजींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते घोंगडी झटकून उठले. पाणीबंदीचा विषय तिथंच सोडून बैठक उठली.

कुंता डोमासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या जवळ ती कित्येक महिन्यांत उभी राहिली नव्हती. "आइका," ती म्हणाली, आणि ती हळू बोलली नाही, मुद्दाम नाही. "पुन्यांदा हात उठला तं मी पंचाकडं येनार नाई. काडी मी माह्या हातानं आनीन. अन् दाराले कडी आतून, माह्या बाजूनं."

"हो," डोमा म्हणाला.

"अन् लेकरू मी देईन तवा घ्यायचं."

"हो."

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग लेकरू त्याच्या हातात दिलं. त्यानं ते डोंग्यातलं पाणी उपसताना ओंजळ धरावी तसं धरलं. लेकरानं त्याच्या कानावरच्या व्रणात बोट घातलं. कुंता हातभर अंतरावर, दोन्ही हात अर्धवट पुढं करून, उभी होती. कारण विश्वास वेगळा आणि लेकरू वेगळं.

देवकाबाई बकरं सोडून जवळ आली. पोराकडे तिनं पाहिलं नाही. "मी याच्याशी बोलत नाई अजून," ती कुंताला म्हणाली. "देव सोडला यानं. तुयाशी बोलून राह्यली. चूल पेटवू का?"

"पेटवा. माय, तू बी चाल," कुंतानं रुखमाबाईला हाक मारली. रुखमाबाई बिजवराची बोडी मनातून एकदम सोडायला तयार नव्हती, पण पाय निघाले तिचे.

गल्लीतून ते चालले तेव्हा दोन्ही बाजूंच्या दारांत बाया उभ्या होत्या. डोमा लंगडत मागं, लेकरू घेऊन. कुंता पुढं. ताराबाई सगळ्यांच्या पुढं, पाणी कुठल्या माठातून प्यायचं ते मोठमोठ्यानं विचारत. एका दारातून कोणीतरी खवचटपणे ओरडलं, "काहो पाद्रीनबाई!"

कुंता थांबली, मागं वळली आणि त्या दाराकडे पाहून तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "पाद्रीन नाई वो, ढिवरीन हाव. मासोळ्या शिजवाले जाऊन राह्यली. भांडं घेऊन येजो!"